गव्हाच्या डब्यातली तिसरी वही

आमच्या घरात कोण कशाने मारणार हे ठरलेलं होतं. बाबा रुळाने, आई फुंकणीने आणि दादा हाताला लागेल त्याने. बाबांचा रूळ शिसवी होता, कचेरीतून आणलेला. तो तळहातावर पडायचा आणि पडण्याआधी गुन्हा नीट सांगितला जायचा. आई पाठीवर मारायची आणि मारता मारता स्वतःच रडायला लागायची, म्हणजे मार खाऊन झाल्यावर तिची समजूत काढायचं कामही आपल्याच गळ्यात. दादाचं काही सांगता येत नसे. ही तक्रार नाही. मध्य प्रदेशात, बालाघाटातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांच्या ओळीत आठ घरं होती आणि आठही घरांत थोड्याफार फरकाने हेच चालायचं. मधल्या भिंती एका विटेच्या, त्यामुळे पलीकडे आज कोणाची पाळी आहे ते स्वयंपाक करताना कळायचं. आवाज फार वाढला की आई रेडिओ मोठा करायची. कोणी कोणाच्या घरात सोडवायला जात नसे, तशी पद्धतच नव्हती.

बाबांच्या आजोबांनी भंडाऱ्याकडचं गाव सोडून इकडे नोकरी धरली होती. शाळेत आम्ही हिंदी शिकायचो, रस्त्यावर हिंदी बोलायचो, घरात आमची बोली चाले. पण संध्याकाळी दिवा लागला की बाबांसमोर बसून पुस्तकी मराठीचं एक पान लिहावं लागे. एका चुकीला एक रूळ. आपली भाषा या मुलखात आपणच टिकवली नाही तर कोण टिकवणार, असं ते म्हणत. दादाने दहावीतच हात टेकले आणि धानाच्या मिलवर कामाला लागला. मी मात्र टिकले, कारण मला ते लिहिणं आवडायला लागलं होतं. आज माझ्या मराठीचं कोणी कौतुक केलं की माझा उजवा तळहात आपोआप मिटतो.

घर म्हणावं तर वाईट नव्हतं. चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला की त्याचा वास शेवटच्या क्वार्टरापर्यंत जायचा. आई धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या पातोड्या करायची, त्यावर आंबट कढी. दुपारी नॅरोगेजच्या छोट्या गाडीची शिटी, मग मँगनीज भरलेल्या ट्रकांची घरघर, मग पुन्हा शांतता. मी पाठ शेकत, जेवत, लिहीत, त्यातच मजेत होते हे आता कोणाला सांगून पटत नाही. मार खाणारं माणूस चोवीस तास दुःखी असतं असा लोकांचा समज असतो.

भिंतीपलीकडच्या घरात माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिचं नाव मी लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. शांत, सावळी, रांगोळीत हात असा की दिवाळीला आठही दारांपुढे तीच बसायची. आम्ही दोघी सायकलीने एकाच कॉलेजात जायचो. ती माझी मैत्रीण होती. पण रोज समोर असलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो तसंच मी तिच्याकडे बघायची, म्हणजे बघायचीच नाही.

मी बघायची रजनीकडे. रजनी उकव्याची. तिचे वडील तिथल्या खाणीत होते आणि ती बी.ए. करण्यासाठी आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहायची. कपाळावर जुन्या जखमेचा व्रण, कोणी विचारलं तर सरळ सांगायची की बापाने डबा फेकून मारला होता. आमच्या ओळीत असं सरळ सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी तिच्यात गुंतले, आणि ती माझ्यात. दुपारी तिच्या खोलीवर आम्ही अभ्यासाला बसायचो, कडी लावून. मला तेव्हा या गोष्टीचं नाव माहीत नव्हतं आणि नाव हवं आहे असंही वाटत नव्हतं. तिचा हात माझ्या केसांत असला की जगात रूळ, फुंकणी असं काही असतं हे मी विसरून जायची. एवढं सुख मला नंतर कधी मिळालं नाही. हे साठी उलटल्यावर लिहिते आहे, म्हणजे हिशेब पुरता झाला आहे.

आता भुजलीविषयी सांगायला हवं. नागपंचमीच्या सुमारास आमच्याकडे बायका पळसाच्या द्रोणांत गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात, हळदीचं पाणी शिंपडतात. राखीपर्यंत त्याचे पिवळे लांब कोंब येतात, त्यांनाच भुजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी ते डोक्यावर घेऊन गाणी म्हणत वैनगंगेच्या घाटावर जातात, धुतात, आणि एकमेकींच्या कानावर खोवतात. दोघी मुलींनी ठरवून, वडीलधाऱ्यांसमोर एकमेकींच्या कानावर कोंब खोवले की त्या जन्माच्या भुजली झाल्या. दोन्ही घरं सोयरी होतात, सणाला ताट जातं, मुक्कामाला जायला कोणाची आडकाठी नसते. आणि त्या दिवसापासून एकीने दुसरीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. भुजली म्हणायचं, बस.

मला यात वाट दिसली. रजनी माझी भुजली झाली की आमच्या घरात तिला मान, तिच्या घरी मला मुक्काम, आणि आयुष्यभर कोणी विचारणार नाही. पहिल्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी मी घाटावर ओले कोंब मुठीत धरून तिच्याजवळ गेले. बाबा पायऱ्यांवर इतर पुरुषांबरोबर उभे होते. रजनीने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बहन नहीं बनना मुझे तेरी. कान में घास खोंसकर जिंदगी भर झूठ बोलेगी क्या?" मी म्हटलं, मग काय करायचं. ती म्हणाली, "जा, किसी और को दे दे."

संतापाने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी वळले. तीन पायऱ्या वर माझी शेजारीण द्रोण धूत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि काही न विचारता तिच्या कानावर कोंब खोवले. ती दचकली. मग तिने आपल्या द्रोणातले कोंब निवडले, अगदी सारख्या उंचीचे, आणि माझ्या डाव्या कानावर खोवले. खोवताना तिची ओली बोटं थरथरत होती. बाबा वरून खुशीत म्हणाले, "बरं केलं पोरींनो." त्या क्षणापासून ती माझी भुजली झाली. मी मान वळवून रजनी बघते आहे की नाही एवढंच पाहिलं. रजनी निघून गेली होती.

रजनीशी आठ दिवसांत समेट झाला, ते काही फार अवघड नव्हतं. पण घाटावरची ती गोष्ट माझ्या मनातून जाईना, आणि त्यातूनच मी कादंबरी लिहायला घेतली. नदीकाठचं एक छोटं शहर, त्याचं नाव मी बदललं होतं, पण घाट, मिल, छोटी गाडी सगळं जिथल्या तिथे होतं. त्यात दोन मुली शिवणाचं दुकान चालवतात, एकमेकींवर जीव लावतात आणि दुकानाच्या वरच्या खोलीत संसार मांडतात. त्यांची नावं मी लिहिली नव्हती, एक ‘मी’ आणि दुसरी ‘ती’. शंभर पानी वह्या, अशा दोन भरल्या आणि तिसरी भरत आली. रजनीला मराठी वाचायचा कंटाळा, ती म्हणायची तूच सांग. त्यामुळे वाचक एकच, माझी भुजली. प्रकरण झालं की वही अंगणाच्या भिंतीवरून पलीकडे जायची आणि दोन दिवसांनी परत यायची. ती कधी काही बोलायची नाही, फक्त पुढचं कधी लिहिते म्हणून विचारायची. मी समजून चालले होते की तिला सगळं कळलंय. रोज दुपारी मी कुठे जाते हे काय तिला दिसत नव्हतं?

तिसऱ्या वहीत मी घाट लिहिला. प्रत्यक्षात जे नाकारलं गेलं ते मी कादंबरीत घडवून आणलं. ती ‘मी’च्या डाव्या कानावर ओले कोंब खोवते, तिची बोटं थरथरतात, आणि दोघींना कळतं की ही बहीणपणाची खूण नाही. हे प्रकरण वाचून भुजलीने वही परत केली तेव्हा तिने वर बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून तांदळाच्या खिरीची वाटी आली. मी ते लेखिकेचं कौतुक समजले आणि खीर खाऊन टाकली.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं म्हणून वही माझ्याकडे होती. मी ती गव्हाच्या डब्यात लपवायची. आम्ही भात खाणारी माणसं, गव्हाच्या डब्याला महिनोन्महिने हात लागत नसे. मला माझ्या हुशारीचं फार वाटायचं. नागपंचमी आली, आईने भुजली पेरायला डब्यात हात घातला आणि मुठीत गव्हाऐवजी वही आली. ज्या रिवाजापायी मी तीन वह्या लिहिल्या त्याला गहू लागतो, हे मलाच आठवलं नव्हतं.

आईला वाचता येत नव्हतं. तिने वही दादाकडे दिली, दादाने अंगणात उभं राहून मोठ्याने वाचायला घेतली. त्याला पुस्तकी मराठी धड येत नव्हती, एकेक अक्षर लावत, अडखळत तो माझं प्रेमाचं पान वाचत होता, आणि ओसरीवर बसलेले बाबा सवयीने त्याचे उच्चार सुधारत होते. चौथ्या-पाचव्या ओळीला दोघेही एकदम थांबले. बाबांनी वही हातात घेतली आणि मनात वाचायला लागले. पहिल्या पानापासून. मी समोर उभी. भरलेली सगळी पानं त्यांनी शांतपणे वाचली, मध्ये एका ठिकाणी खिशातून पेन्सिल काढून एक चूक गोल केली. मग वही मिटली आणि रूळ मागितला.

त्या दिवशी गुन्हा सांगितला गेला नाही. फक्त एवढंच विचारत होते, कोण आहे. रूळ तळहातावर, मग मनगटावर, मग कोपरावर, आणि दर वेळी तेच, कोण आहे ती. मी ओठ चावून धरले. रूळ मोडला. मग दादाने सायकलचा पंप घेतला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा डाव्या कानावर. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि गरम काहीतरी मानेवरून गळ्यात आलं. त्या कानाने मला तेव्हापासून ऐकू येत नाही. मी पडले तेव्हा दादाने केसांना धरून पुन्हा उभं केलं. आई दारात बसून छाती पिटत होती आणि म्हणत होती, "सांगून टाक माय, नाव सांगून टाक." मला बोलायचं नव्हतं. रजनीची खोली गल्लीच्या टोकाला होती, शंभर पावलं. मी तोंड उघडलं तर तो पंप शंभर पावलं चालून जाणार होता.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे. नाव सांगायची गरज नाही. मी घाटावर होतो." आणि वही काखेत मारून ते शेजारच्या घराकडे निघाले, दादा त्यांच्या मागे.

मला लगेच कळलं. त्यांनी वाचलेलं पान आणि पायऱ्यांवरून पाहिलेलं दृश्य एकच होतं, त्यांची यात काय चूक? चूक माझी होती. मी रजनीच्या गोष्टीत भुजलीची बोटं घातली होती. ती नव्हे, एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कोण? मी गप्प राहिले. ही गोष्ट मी आयुष्यभर वेगवेगळ्या प्रकारे स्वतःला सांगून पाहिली आहे, कानाला लागलं होतं, जीभ सुजली होती, भीती वाटत होती. खरं एवढंच आहे की दोघींपैकी कोणाला वाचवायचं हे माझ्या हातात होतं आणि मी ठरवलं.

उजवा कान मी भिंतीला लावला. बाबांनी दार सभ्यपणे वाजवलं. भुजलीचे वडील तसे नरम होते, पण घरात तिच्या काकाचं चालायचं. बराच वेळ हळू बोलणं झालं, पानं उलटल्याचा आवाज आला. मग काकाने स्पष्ट विचारलं, "हे वहीतली तू आहे का?" उत्तर ऐकू आलं नाही. त्यानंतर भांडी पडल्याचा आवाज, कोणीतरी भिंतीवर आदळल्याचा, भिंत माझ्या गालाला हलली. बांगड्या फुटल्या. मग काका म्हणाला, "वरवंटा आन." मी डोळे मिटले. दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला, पण मध्ये काहीतरी मऊ असल्यासारखा. तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी ती ओरडली. आईने उठून रेडिओ लावला आणि मोठा केला. रेडिओ माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तो बंद केला नाही.

दादा परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीत हिरव्या बांगडीचा तुकडा अडकला होता. तो बघितला आणि माझी मी राहिले नाही. चुलीजवळची फुंकणी उचलून मी त्याच्या तोंडावर मारली. लोखंडी फुंकणी, जेवढी ताकद उरली होती तेवढी सगळी लावून. त्याचे पुढचे दोन दात पडले आणि भुवई फाटली. नंतर मला काय काय बसलं ते आठवत नाही. दादा आता म्हातारा झाला आहे, साखरेचा आजार आहे, नातवंडांना सांगतो की स्कूटरवरून पडलो होतो. आम्ही दोघांनीही ते तसंच ठेवलं आहे. त्याच्या व्रणाकडे बघून मला आजही वाईट वाटत नाही.

वही आईने चुलीत घातली, तिच्यामागोमाग आधीच्या दोन्हीही. मला दीड महिना आतल्या खोलीत ठेवलं, जिथे त्या वर्षीच्या भुजल्या उगवत होत्या. आठव्या दिवशी मोलकरणीच्या हाती रजनीची चिठ्ठी आली. दोनच ओळी. मैं घर जा रही हूँ. मेरा नाम मत लेना. ती बैहरच्या बसने गेली ती परत आली नाही. मुहूर्तही न बघता दिवाळीच्या आत भुजलीचं लग्न कटंगीच्या पलीकडच्या एका बिजवराशी लावून दिलं. वरातीच्या दिवशी मी खिडकीच्या गजांतून पाहिलं, तिचा उजवा हात शालूत गुंडाळलेला होता.

मी पुढे शिकले, मास्तरीण झाले, दूरच्या गावी एकटी राहिले, पुस्तकं लिहिली. सगळी सभ्य. मनात एक देव्हारा होता आणि त्यात भुजली होती: जिने बोटं ठेचून घेतली पण माझ्या रजनीचं नाव सांगितलं नाही. इतकी वर्षं मी तिला तोंड दाखवलं नव्हतं, कारण अशा माणसासमोर जायचं तरी कसं?

गेल्या वर्षी तिच्या मुलाचा फोन आला. मावशी, आईची तब्येत बरी नाही, ती तुमची आठवण काढून राह्यली. मी कटंगीची बस धरली. ती धान साठवायच्या ढोलीजवळ खाटेवर बसली होती, केस पांढरे, अंगात काही उरलेलं नाही. पण माझ्यासाठी पातोड्या केल्या होत्या, सुनेला करू दिल्या नव्हत्या. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी, एकमेकांवर चढलेली. त्याच हाताने तिने मला वाढलं. सून आत गेली तेव्हा मी विचारलं, "भुजली, त्या दिवशी तू तिचं नाव काहून नाही घेतलं?"

ती वाढता वाढता थांबली. "कोनाचं नाव?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती लपवत नव्हती. तिला खरोखर माहीत नव्हतं.

"काकानं इचारलं, हे वहीतली तू आहे का," ती म्हणाली. "मी म्हनलं हौ. नाई म्हनली असती त दोन थापडात सोडलं असतं, मले मालूम होतं. पर खोटं कशी बोलू? घाटावर त मीच होती." मग तिने कढीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि खाली बघत, त्या दिवशी वही परत करताना बघत होती तसंच खाली बघत विचारलं, "मीच होती ना?"

तिने त्या एका पानावर सगळं आयुष्य काढलं होतं. बिजवर नवरा, चार बाळंतपणं, वाकड्या बोटांनी केलेली धानाची रोवणी, या सगळ्याच्या खाली ते पान होतं. मी वाचक समजून जिच्या हातात वह्या दिल्या ती वाचक नव्हतीच. आणि ज्याला मी इतकी वर्षं नुसती माझी चूक समजत होते त्याचा अर्थ मला पहिल्यांदाच कळला: थरथरणारी बोटं रजनीची नव्हती, सारख्या उंचीचे कोंब रजनीने निवडले नव्हते. त्या प्रकरणातलं जे जिवंत होतं ते सगळं हिचं होतं, मी फक्त दुसरीच्या नावाने लिहीत होते.

"हौ," मी म्हणाले. "तूच होती."

तिने मान हलवली, जशी भात शिजला आहे असं बघून हलवावी. मग शेवटच्या प्रकरणात त्या दोघींचं काय झालं म्हणून विचारलं, ते तिला वाचायला मिळालंच नव्हतं. न लिहिलेलं ते प्रकरण मी तिला दुपारभर सांगितलं. दुकान चाललं, वरच्या खोलीला खिडकी पाडली, दोघी म्हाताऱ्या झाल्या. ती मध्येच झोपली, जागी झाली, "मंग?" म्हणाली. मी पुढे सांगत राहिले.

पौषात ती गेली. या लिखाणात रजनीचं नाव मी जागोजागी लिहिलं आहे, आता लिहिताना काही वाटतही नाही. एके काळी ते तोंडातून निघू नये म्हणून मी दुसरीची बोटं भरडू दिली. त्या दुसरीचं नाव मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं तरी मी सांगणार नाही. भुजलीचं नाव घेत नाहीत.